डावखुरीचे रिव्हेट

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच साली विमान आलं. एका मालमोटारीवर धड, दुसरीवर दोन पंख आणि मागून एका छोट्या गाडीत खोकीच खोकी. मास्तर दवाखान्यात जुळ्यांची तोंडं पाहून परस्पर विमानतळावर गेले, आणि घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "तिकडे दोन, इकडे दोनशे तुकडे. यंदा आपल्याकडे काही एकेकटं यायचं नाही असं दिसतंय."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. बसगाड्यांचे सांगाडे बांधायच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पत्रे जोडले. रिव्हेट मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून मास्तर. बायकोही त्याच कारखान्यात होती. अंगानं एवढीशी, शिडशिडीत. जिथे मुंगी शिरेल तिथे ही शिरेल, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. कागदावर तिला एक चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते लग्नानंतर कुणी उच्चारलंच नव्हतं. सासूनं "अगं" म्हटलं, पोरांनी "आई" म्हटलं, कारखान्यानं "मुंगी" म्हटलं, आणि ती या सगळ्यांना ओ देत गेली.

रिव्हेट हे एकट्याचं काम नव्हे. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोक पाडायचं, त्यात छोटीशी टोपीवाली खिळी घालायची. बाहेरून एकानं तिच्या टोपीवर यंत्राची गन धरून धडधड ठोके द्यायचे, आणि आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, म्हणजे खिळीचं आतलं टोक ठोकळ्यावर आपटून फुलतं आणि पत्रे कायमचे एकमेकांत अडकतात. मध्ये पत्रा असतो, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. गनच्या आवाजात बोलणं तर ऐकूच येत नाही. म्हणून आतल्यानं ठोकळ्यानं पत्र्यावर वाजवायचं. एकदा वाजवलं की अजून एक ठोका दे. दोनदा म्हणजे बसला. तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक.

मास्तर बाहेर, मुंगी आत. चौतीस वर्षं त्यांचा संसार आणि नोकरी याच तीन शब्दांवर चालली. घरीसुद्धा आमटीत मीठ कमी पडलं तर मास्तर वाटीवर एकदा बोट वाजवत. तीनदा वाजवायची छाती मात्र त्यांना कधी झाली नाही.

मग कारखाना बंद पडला आणि दोघं घरी बसली. मास्तर दिवसभर खिडकीतून रस्त्यावरच्या बसगाड्या मोजत आणि कुठली आपल्या हातची ते सांगत. मुंगीला तसं बसवेना. ती मोठ्या माणसांच्या वर्गात जाऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली. आधी मुळाक्षरं, मग दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्रातले ठळक मथळे. लिहायला मात्र तिला आपलं कागदावरचं नावच आवडे. शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा ती कायम अॅप्रनच्या खिशात ठेवायची, आणि वाण्याच्या पुडीवर, कॅलेंडरच्या मागे, सापडेल तिथे ते नाव लिहून बघायची, वळण सुधारलं का म्हणून.

अशा वेळी कॅप्टनची लेक त्यांना शोधत आली. ती या छोट्या विमानतळावर लोकांना विमान चालवायला शिकवायची. विमानतळ म्हणजे तरी काय, एक धावपट्टी, कडेला काठीवर वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी, काचा लावलेली एक खोली आणि तीन पत्र्याच्या शेडी. तिच्या वडिलांनी लढाईत जे विमान उडवलं होतं, तेच विमान पुढे तीस-बत्तीस वर्षं एका चौकात खांबावर शोभेला उभं होतं. चौक रुंद करताना ते खाली उतरवलं आणि भंगारात निघालं. लेकीनं ते कुठून कुठून कागदपत्रं हलवून मिळवलं. कॅप्टन तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. लेकीच्या मनात एवढंच होतं, की बाबांच्या डोळ्यांदेखत हे पुन्हा आकाशात न्यायचं. विमानाचे कारागीर तिला परवडतही नव्हते आणि मिळतही नव्हते. कुणीतरी सांगितलं, बसवाले एक म्हातारा-म्हातारी आहेत, दोघांचे मिळून चार हात आहेत पण चालतात एका डोक्यानं.

"कुणाच्या डोक्यानं, ते नाही सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"सांगितलं. म्हणून तर मी काकूंशी बोलतेय."

पहिल्या दिवशी मुंगी शेडमध्ये शिरली तेव्हा तिला विमानाचं काही विशेष वाटलं नाही. बसपेक्षा लहानच. रंग उडालेला, पोटात कबुतरांची घरटी, चाकांच्या खोबणीत तीस वर्षांची वाळलेली पानं. दोन आठवडे तर ती नुसती घाणच काढत होती. पण डावा पंख रिकामा झाला, पुसून कोरडा झाला, आणि ती चाकाच्या खोबणीतून कंबरेपर्यंत आत शिरली. हातातली बॅटरी लावली, आणि तशीच पडून राहिली. बाहेरून मास्तरांनी दोनदा हाक मारली, मग पायाला हात लावून पाहिलं. तिला ओ द्यायचं सुचलं नाही.

आत फासळ्यांमागून फासळ्या होत्या, पंखाच्या टोकापर्यंत लहान लहान होत गेलेल्या. प्रत्येक फासळीला गोल भोकं, वजन कमी करायला पाडलेली, आणि एका भोकातून पुढचं, त्यातून त्याच्या पुढचं, असं बॅटरीचा उजेड जाईल तिथपर्यंत दिसत होतं. आणि सगळीकडे रिव्हेटांची फुललेली टोकं, ओळीनं, हजारांनी, मोत्यांच्या सरी ओवून ठेवाव्या तशी. बाहेर विमान कळकट, पिचलेलं दिसत होतं. आत ते काल केल्यासारखं होतं. त्या जागेत ऊन गेलं नव्हतं, कबुतरं गेली नव्हती, पन्नासेक वर्षांत माणसाची नजरसुद्धा गेली नव्हती.

दुसऱ्याला यात नुसते रिव्हेट दिसले असते. मुंगीला माणूस दिसलं. रिव्हेटचं आतलं टोक म्हणजे ठोकळा धरणाऱ्याची सही असते. ठोकळा कणभर कलला की टोक कणभर एका अंगाला फुलतं, आणि तो कल ज्याचा त्याचा असतो, चालीसारखा. ही टोकं उलट्या अंगाला कलली होती. तिनं आपल्या डाव्या हातात ठोकळा धरून त्या ओळीशी नेऊन पाहिला. बरोबर बसला. धरणारी डावखुरी होती. आणि बाईच असणार, कारण दोन फासळ्यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत पुरुषाचा पंजा वळलाच नसता. दर आठ-नऊ रिव्हेटांनंतर एक टोक जरा जास्त दाबलेलं होतं. तिथे तिचा हात भरून आला असणार, तिनं एक श्वास घेऊन ठोकळा घट्ट धरला असणार. मुंगीचाही हात आठ-नऊ झाल्यावरच भरून यायचा.

पुढचे सहा महिने मुंगी त्या पंखात होती. जिथे पत्रा गंजला होता तिथला काढायचा, नवा बसवायचा, बाकी जुनं तसंच ठेवायचं. ती डावखुरीचं काम भिंतीवरचा मजकूर वाचावा तसं वाचत जाई. तिनं अकराशेपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. एकही वाकडा नव्हता, एकही तडकलेला नव्हता. कारखान्यात मुंगीचे स्वतःचे शंभरात तीन जायचे, आणि त्यावर मास्तर फुशारकी मारायचे. घरी येऊन ती सांगायची, आज तिनं त्या कोपऱ्यात कसा हात घातला असेल ते कळलंच नाही. मास्तर म्हणायचे, तू सवतीचंसुद्धा इतकं कौतुक केलं नसतंस. "सवत असती तर कामाला नावं ठेवली असती," ती म्हणायची. "ही गुरू आहे. हिला काय बोलू?"

पंखाच्या मुळाशी, जिथे पंख धडाला जोडतात आणि सगळा भार येतो, तिथे डावखुरीची शेवटची ओळ होती. जुळी पाऊल टाकायला लागली त्या सुमाराला मुंगीचं तिथलं काम संपलं. आता त्या जागेत पेट्रोलची टाकी बसायची होती आणि खालून पत्रा कायमचा बंद व्हायचा होता. पुन्हा कुणी तिथे पाहायचं म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांनी. त्या दुपारी मास्तर चहा आणायला गेले होते. मुंगी आत पडून होती, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर डावखुरीचा शेवटचा रिव्हेट. देवळात एकटं असताना माणूस कसं उगाच काहीतरी पुटपुटतं, तसं तिला झालं. तिनं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि त्या रिव्हेटशेजारी, उघड्या चकचकीत पत्र्यावर, सावकाश, आपलं चार अक्षरी नाव लिहिलं. आयुष्यात तिच्या हातून इतकं सुंदर वळण आलं नव्हतं. मग ती बाहेर आली, चहा प्याली, आणि कुणालाच, मास्तरांनासुद्धा, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टाकी बसली. नंतर पत्रा बंद झाला, एकशे बारा रिव्हेट, एकही तीनदा वाजवावा लागला नाही.

आणखी अडीच वर्षं काम चाललं. इंजिन आलं, चाकं आली, तारा ओवल्या गेल्या. शेडचं छप्पर दोन हिवाळे गळत होतं आणि धुकं तर दारातूनच आत यायचं. मधेमधे शहरातून तपासनीस यायचा. गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं, म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणत. त्याची सही झाल्याशिवाय विमान जमिनीवरून वीतभरही उठणार नव्हतं. बोलायचा कमी. एखादी गोष्ट पसंत पडली तर भिंग खाली सोडायचा, एवढंच. मुंगीचं काम पाहताना त्याचं भिंग बराच वेळ खालीच असायचं, आणि मास्तर तेवढ्यावर आठवडाभर ताठ चालायचे.

कॅप्टन आता एक्क्याण्णव संपवत होते. वाढदिवस बारा दिवसांवर आला होता आणि लेकीनं उड्डाण त्याच दिवशी ठरवलं होतं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की त्यांचं हृदय आता महिन्यांच्या हिशेबात धरू नका, दिवसांच्या धरा. ते तिनं मुंगीला सांगितलं, बापाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात कॅप्टनची लेक उजव्या पंखावर कागद ठेवून काय झालं काय राहिलं याच्या खुणा करत होती, पेन्सिलीनं. भिंगवाल्यानं लांबून पाहिलं, चालत आला, तिच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि मोडून स्वतःच्या खिशात टाकली. मग त्यानं पिशवीतून हातभर जुना पत्रा काढला आणि दाराच्या उजेडाकडे धरला. त्यावर कुणीतरी केव्हातरी खुणा केल्या होत्या, पाच-सहा तिरक्या रेघा. प्रत्येक रेघेतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"पेन्सिलीच्या खुणा आहेत या," तो म्हणाला. "पेन्सिलीतलं शिसं आणि हा अॅल्युमिनियमचा पत्रा यांचं जन्माचं वैर. जरा ओल मिळाली की शिसं पत्रा खातं. या रेघांवरून एक शेपूट तुटलंय, हवेत. मास्तरांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी सगळ्या खुणा शाईच्या पेननंच केल्या होत्या. बायकोला ते बोलले नव्हते, कारण आतल्या माणसाला खुणा करायच्याच नसतात.

मुंगी तेव्हा ठोकळा पुसत होती. ती पुसतच राहिली, ठोकळा कोरडा झाल्यावरही.

घरी गेल्यावर तिनं मास्तरांना ताटावरच सांगितलं. मास्तरांचा घास हातातच राहिला. आधी ते हसले, मग चिडले, मग समजूत घालायला लागले. चार अक्षरं ती काय, आणि अडीच वर्षं ती काय. भिंगवाल्याच्या पत्र्याला चाळीस वर्षं लागली असतील. टाकी काढायची, एकशे बारा रिव्हेट उखडायचे, पुन्हा मारायचे, पुन्हा तपासणी, पुन्हा सही. तीन आठवडे कुठे गेले नाहीत. तोवर म्हातारा राहतो की नाही कोण जाणे. "विमान एकदा उडू दे," ते म्हणाले. "त्यांना बघू दे. मग सांग, हवं तर मी सांगतो. एका फेरीनं काही होत नाही."

मुंगीनं विचारलं, त्या फेरीत विमानात कोण असणार आहे?

विमानात कॅप्टनची लेक असणार होती.

"अहो, त्या जागी सगळा भार येतो," ती म्हणाली. "तिनं तिथे एक रिव्हेट वाकडा जाऊ दिला नाही. आणि मी जाऊन तिथे वाळवी सोडून आले."

मास्तरांनी उरलेला घास ताटात ठेवला आणि ताटावर बोटानं तीनदा वाजवलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. पहिल्यांदाच वाजवलं. बिघडलंय, काढून टाक.

सकाळी मुंगीनं शेडमध्ये दोघांनाही एकत्र बोलावलं, कॅप्टनच्या लेकीला आणि भिंगवाल्याला, आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. काय लिहिलं, कुठे लिहिलं, कधी लिहिलं. का लिहिलं ते तिला नीट सांगता आलं नाही. भिंगवाल्यानं गळ्यातलं भिंग हातात घेतलं आणि डाव्या पंखाखाली जाऊन उभा राहिला, जसं काही पत्र्यातून दिसणारच होतं. लेक बाहेर गेली. धावपट्टीच्या कडेला, गवतात, पाठ करून बराच वेळ उभी होती. मुंगीला वाटलं, आता ही आत येऊन काय वाट्टेल ते बोलू दे, बोलायचा तिला हक्क आहे. ती आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज साधा होता.

"काकू, उघडा," ती म्हणाली. "मीच असते आत. तुम्ही हे पोटात ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं. उघडा."

टाकी उतरली. एकशे बारा रिव्हेट मास्तरांनी एकेक करून उखडले. पत्रा निघाला आणि भिंगवाला आधी आत गेला. बाहेर आल्यावर त्यानं मुंगीला भिंग दिलं आणि सांगितलं, बघा. बॅटरीच्या उजेडात तिचं नाव होतं. रेघांच्या कडेनं पांढरी भुकटी उमलली होती, भाकरीवर बुरशी यावी तशी. तिनं बोटानं पुसलं. शिसं गेलं, भुकटी गेली, पण नाव गेलं नाही. ते पत्र्यात उतरलं होतं. नखाला लागत होतं, काना, मात्रा, सगळं.

भिंगवाल्यानं खोली मोजली. अजून मर्यादेत होती. घासून काढता येईल, पत्रा बदलावा लागणार नाही. दहा वर्षांनी पाहिलं असतं तर नावाच्या वळणावळणानं फाटला असता, एवढं तो बोलला आणि चहाला गेला.

त्याच दिवशी दुपारी कॅप्टन आले. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं होतं, उशीर का होतोय ते. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यावर शाल, डोळे मात्र पोरासारखे भिरभिरणारे. मुंगी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभी राहिली. माफी मागायला तोंड उघडणार, तर त्यांनीच विचारलं, पंख उघडला आहे म्हणतात, मला दाखवाल का?

विमानाखाली सरकायला गॅरेजवाल्यांची असते तशी बुटकी फळी होती, चार चाकांची. लेक नको नको म्हणत असताना मास्तरांनी तिच्यावर गादी टाकली आणि भिंगवाल्यानं कॅप्टनना उचलून तिच्यावर उताणं ठेवलं. "मेल्यावर असंच नेणार ना," कॅप्टन म्हणाले. "आज सराव होऊन जाऊ दे." मुंगी त्यांच्याशेजारी जमिनीवर आडवी झाली, आणि मास्तरांनी फळी हलकेच पंखाखाली ढकलली.

तिनं बॅटरी लावली.

नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "तीन वर्षं मी यात बसून फिरलो. हे कधी पाहिलंच नाही."

मुंगीनं त्यांना सगळं दाखवलं. फासळ्यांची भोकं, त्यातून पार टोकापर्यंत जाणारी नजर. डावखुरीच्या ओळी, तो उलटा कल, आठ-नऊ झाल्यावरचा तो दमलेला रिव्हेट. कॅप्टननी आपला डावा हात उचलला आणि बोटांनी हवेतच ठोकळा धरल्यासारखं केलं. मग त्यांना लांब एक ठिगळ दिसलं, परातीएवढं. तेही मुंगीनं केव्हाच वाचलं होतं. तिथला हात निराळा होता, घाईचा, उजवा, ओळी जराशा वाकड्या, पण रिव्हेट घट्ट. तिनं विचारलं, इथे काय झालं होतं?

तेव्हा कॅप्टननी सांगितलं. खालून मारा झाला होता. पंखाला आरपार भोक पडलं, माणूस डोकं घालेल एवढं, त्यातून खालची नदी दिसत होती. पंख थरथरत होता, ते वाट बघत होते, आता तुटेल, मग तुटेल. चाळीस मिनिटं वाट बघितली, आणि चाळीस मिनिटांनी चाकं आपल्या धावपट्टीला टेकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ते बाहेरचं सांगत होते आणि मुंगी आतलं. त्या भोकाच्या कडेनं पत्रा फाटत फाटत कुठवर गेला आणि कुठे थांबला, ते तिनं बॅटरीनं दाखवलं. फाट डावखुरीच्या ओळीपाशी आली होती आणि त्या रिव्हेटांशी थांबली होती. तीन बोटं पुढे पंख पेलणारी मुख्य तुळई होती.

"मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो," कॅप्टन म्हणाले, "की मी हे विमान परत आणलं."

दोघं जमिनीवर उताणी पडून वर बघत राहिली, गच्चीवर पडून आभाळ बघणारी माणसं बघतात तशी. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, तुमचं नाव कुठे लिहिलंय? तिनं लाजत दाखवलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, चारही अक्षरं, पूर्ण. मग म्हणाले, "आणि हिचं?"

"हिनं लिहिलं नाही," मुंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी बारीक पॉलिश कागद घेऊन आत गेली. भिंगवाला म्हणाला होता, मी घासतो. तिनं नाही म्हटलं. पाण्यात भिजवून, एका दिशेनं, जोर न लावता, ती घासत राहिली. पहिलं अक्षर जायला तासभर लागला. वळणं आधी गेली, उभ्या रेघा शेवटपर्यंत चिवटपणे राहिल्या. मास्तर बाहेरून अधूनमधून पत्र्यावर एकदा वाजवायचे, म्हणजे अजून किती? ती एकदाच वाजवायची, म्हणजे अजून जरा. संध्याकाळी चार वाजता तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. नखाला काही लागलं नाही. पत्रा सपाट होता, जन्मापासून कुणी हात न लावल्यासारखा. तिनं दोनदा वाजवलं.

मग संरक्षक रंगाचा हात, टाकी, पत्रा, एकशे बारा रिव्हेट. भिंगवाल्यानं भिंग खाली सोडलं आणि सही केली. या सगळ्याला बरोबर तीन आठवडे लागले. वाढदिवस मध्येच येऊन गेला. उड्डाणाचा नवा दिवस शुक्रवार ठरला. तो पाहायला कॅप्टन राहिले नाहीत.

शुक्रवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. मुंगी, मास्तर आणि भिंगवाला धावपट्टीच्या कडेला उभे होते. जुळ्यांना घेऊन त्यांची धाकटी लेकही आली होती. कॅप्टनची लेक विमानात चढली, काच ओढली. इंजिन आधी खोकलं, त्यानं निळा धूर ओकला, आणि मग जे चालू झालं त्याला आवाज म्हणणं बरोबर नाही. तो कानांना ऐकू येत नव्हता, छातीच्या फासळ्यांना ऐकू येत होता. पायाखालचं गवत जमिनीवर लोळलं. जुळ्यांनी आईच्या मांडीला मिठी मारली, रडायचं विसरून.

विमान पळायला लागलं. अर्धी धावपट्टी गेली तरी ते जमिनीवरच होतं, आणि मुंगीला वाटलं, नाही, हे एवढं लोखंड-पत्र्याचं कसं काय उठेल, आपण वेडी माणसं. आणि ते उठलं. कुणी उचलल्यासारखं नव्हे, जमीनच त्याच्याखालून खाली गेल्यासारखं. ते वळलं तेव्हा उन्हात तिला दिसलं, की पंखांची टोकं धडापेक्षा वर गेली आहेत, किंचित, कमानीसारखी. सगळा भार त्यांनी घेतला होता. चार वर्षं ती त्या पंखांना जमिनीवर लाकडी घोड्यांवर टेकलेले बघत आली होती. भार घेतलेले ते तिनं कधी बघितले नव्हते. बाकीचे आभाळात विमान बघत होते. ती आतली काळोखी जागा बघत होती, ओळी, फासळ्या, त्या डाव्या हातानं धरलेला प्रत्येक रिव्हेट, आणि त्यातला एकेक आत्ता, या क्षणी, ओढ घेत होता आणि सुटत नव्हता.

मास्तर शेजारी उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "काय ग," ते म्हणाले.

विमानानं तीन फेऱ्या मारल्या आणि ते सावकाश उतरलं. कॅप्टनची लेक खाली आली, टोपी काढली, आणि आधी मुंगीकडे आली. मुंगीच्या मनात इतके दिवस जे सलत होतं ते तोंडातून निघून गेलं, की माझ्यामुळे त्यांचं बघायचं राहिलं.

"राहिलं," ती म्हणाली. तिनं ते नाकारलं नाही. मग मुंगीचा हात धरून विमानाकडे बघत म्हणाली, "पण त्या दिवसानंतर ते उड्डाणाचं बोललेच नाहीत काकू. सारखं त्या बाईचंच चाललं होतं. ती जिवंत असेल का, तिला कुणी सांगितलं असेल का. शेवटी मला म्हणाले, कुणी नाही सांगितलं तर निदान उडवताना तू लक्षात ठेव."

वाऱ्यानं कापडी पिशवी फुगली. दोघी इंजिन थंड होताना त्याची टिकटिक ऐकत उभ्या राहिल्या.

कॅप्टन त्याआधीच्या आठवड्यातल्या बुधवारी, उड्डाणाच्या नऊ दिवस आधी, सकाळी सव्वासात वाजता, झोपेत गेले. वय ब्याण्णव वर्षं आणि चार दिवस.